मसुद्याला समास हवा

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार वि. वि.

मी ठाण्यात, नौपाड्यात राहते. ३४ वर्षं मुद्रितशोधनाचं, म्हणजे छापण्याआधी मजकुरातल्या चुका शोधण्याचं काम केलं. सुरुवात गिरगावातल्या खिळ्यांच्या छापखान्यात झाली, शेवटची वर्षं ठाण्यात संगणकावर जुळवलेली पानं वाचण्यात गेली. गेल्या महिन्यात आमच्या भागाशी संबंधित एका प्रारूप आराखड्याची जाहीर सूचना वर्तमानपत्रात वाचली. नागरिकांनी ३० दिवसांच्या आत हरकती व सूचना लेखी सादर कराव्यात, असं तिच्यात होतं. म्हणून ती सूचना देणाऱ्या कार्यालयाच्या संकेतस्थळावर गेले, आणि तिथे जे पाहिलं त्यामुळे हे पत्र लिहिते आहे: लोकांना शेरे लिहिता यावेत म्हणून मसुद्याच्या कडेला मोकळी जागा, म्हणजे समास, हवा. पत्र लांबलं तर कात्री लावण्याचा आपला अधिकार आहेच. फक्त आमच्या सोसायटीची हकिगत कापू नये ही विनंती, कारण मला जे म्हणायचं आहे ते तिच्यातच आहे.

संकेतस्थळावर १४८ पानांची पीडीएफ होती. छापलेला अहवाल एकेक पान स्कॅनरवर ठेवून काढलेला, दहाबारा पानं आडवी, एका पानावर तर स्टेपलच्या पिनेची सावलीसुद्धा आलेली. आमच्या गल्लीचं नाव टाइप करून शोधलं तर काहीच सापडेना. सापडणार कसं? त्यात अक्षरं नव्हतीच, अक्षरांचे फोटो होते. मग १४८ पानं डोळ्यांनी वाचली; मला त्याची सवय आहे. पान ९३ वर आमच्या रस्त्याची दिलेली रुंदी आणि पान ११७ वरच्या तक्त्यातली रुंदी वेगवेगळी निघाली. आता हे कळवायचं कसं? कोऱ्या कागदावर अर्ज करायचा, 'पान ९३, परिच्छेद तिसरा, ओळ पाचवी' असं लिहायचं, खिडकीवर देऊन पोच घ्यायची. आणखी दहा जणांना तीच चूक दिसली असेल तर दहा अर्ज, आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. ते अर्ज वाचणाऱ्या कर्मचाऱ्याने दर वेळी पान ९३ उघडून ओळी मोजायच्या.

छापखान्यात प्रूफ यायचं तेव्हा मजकुराच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं जागा मोकळी सोडलेली असायची. ओळीत चुकीवर खूण करायची आणि तिच्या समोर समासात दुरुस्ती लिहायची. चूक आणि दुरुस्ती एका रेषेत राहिली की खिळे जुळवणाऱ्याला, म्हणजे जुळाऱ्याला, शोधावं लागत नाही. अरुंद समासाचं प्रूफ आलं तर आमचे मुख्य शोधक ते न वाचता परत पाठवत. लोकांकडून दुरुस्त्या मागवायच्या आणि त्या लिहायला जागाच ठेवायची नाही, हे मला म्हणूनच पटत नाही. सगळ्यांना एकाच वेळी दिसेल आणि प्रत्येकाला आपापल्या नावाने शेरा लिहिता येईल असा समास आज संगणकावर मिळतो. गेली दोन वर्षं मी तो वापरते आहे.

आमची सोसायटी १९७४ची. तळमजला अधिक तीन, २४ घरं, लिफ्ट नाही. दोन वर्षांपूर्वी पुनर्विकासाचं ठरलं आणि विकासकाच्या वकिलांकडून करारनाम्याचा ६२ पानांचा मसुदा सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आला. तो इंग्रजीत. आमच्याकडे निम्म्या घरांतली माणसं इंग्रजी करार वाचू शकत नाहीत, आणि ज्यांना इंग्रजी येतं त्यांनाही ती वकिली भाषा समजेलच असं नाही. सभेत चर्चा झाली, काही बदल ठरले, आणि पंधरा दिवसांनी दुसरा मसुदा आला. सोबत एका ओळीचा निरोप होता, मान्य झालेले बदल केले आहेत. कुठले बदल, कुठल्या पानावर, काही नाही.

मला स्वस्थ बसवेना. दोन्ही मसुदे छापून घेतले आणि छापखान्यात करायचो तसं केलं. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, अगदी स्वल्पविरामासकट, आणि दुसऱ्याने नव्या प्रतीवर बोट ठेवून ओळ न् ओळ पाहायची. आमच्या यजमानांनी वाचलं, मी पाहिलं. चार संध्याकाळी लागल्या. तिसऱ्या संध्याकाळी भाड्याच्या कलमाशी आम्ही दोघंही थांबलो. पहिल्या मसुद्यात विकासक सभासदांना भाडं देणार होता ते भोगवटा प्रमाणपत्र मिळेपर्यंत. दुसऱ्यात त्या जागी होतं, वास्तुविशारदाने काम पूर्ण झाल्याचा दाखला देईपर्यंत. हा बदल सभेत कुणी मागितलेला नव्हता, त्यावर शब्दही निघाला नव्हता. वास्तुविशारदाचा दाखला हातात आला म्हणून घरात राहायला जाता येत नाही. त्यासाठी महापालिकेचं भोगवटा प्रमाणपत्रच लागतं. या दोन कागदांमध्ये किती महिने जाऊ शकतात हे ज्यांची इमारत पुनर्विकासाला गेली आहे त्यांना विचारावं. तेवढे महिने २४ कुटुंबांनी भाडं स्वतःच्या खिशातून भरायचं, आणि तेही एका शब्दापायी.

हे मी समितीत सांगितलं तेव्हा 'अहो, मसुदाच आहे तो' असं उत्तर मिळालं. दुसऱ्या मजल्यावरची मुलगी ऐरोलीत एका कंपनीत नोकरी करते. ती तिथेच बसली होती. सभा संपल्यावर घरी आली आणि म्हणाली, "काकू, चार दिवस कशाला घातलेत? द्या इकडे." तिने दोन्ही फायली संगणकाला ताडून बघायला सांगितल्या. मिनिटभरात जिथे जिथे फरक होता तिथे जुने शब्द खोडलेले आणि नवे रंगीत असे समोर आले. आम्हाला सापडलेला बदल त्यात होताच, शिवाय परिशिष्टातला एक आकडा आमच्या नजरेतून निसटला होता तोही होता. माझ्या चार संध्याकाळी वाया गेल्या असं मला वाटलं नाही, पण हे साधन आधी माहीत असतं तर पहिल्याच सभेत सगळ्यांना दाखवता आलं असतं.

तिसरा मसुदा आला तो तिने गूगल डॉक्सवर ठेवला, म्हणजे एकच मजकूर सगळ्यांना आपापल्या घरून उघडता येईल अशा इंटरनेटवरच्या जागी. वाचण्याचा आणि शेरा लिहिण्याचा अधिकार २४ही घरांना दिला, मजकुरात प्रत्यक्ष बदल करण्याचा अधिकार फक्त सचिव आणि आमचे वकील यांना. प्रत्येक कलमाशेजारी त्या कलमाचा अर्थ साध्या मराठीत दोन-तीन ओळींत मी लिहिला आणि तो आमच्या वकिलांकडून तपासून घेतला. त्यामुळे करार इंग्रजीत आणि त्याच्या भोवतीचं सगळं बोलणं मराठीत, असं ते पान दिसू लागलं. जुन्या संस्कृत पोथ्यांमध्ये मधोमध मूळ ग्रंथ आणि वर-खाली टीका अशी मांडणी असते, तिला त्रिपाठ म्हणतात. मला तिचीच आठवण झाली.

तीन आठवड्यांत १३७ शेरे आले. ते कुणाचे होते हे सांगितलंच पाहिजे. तळमजल्यावरच्या एक सभासद परिचारिका आहेत, बहुतेक रात्रपाळी. रविवारच्या सभेला त्या कधी आल्याच तर मागच्या खुर्चीवर बसायच्या आणि न बोलता जायच्या. पार्किंगच्या कलमावर त्यांचा शेरा पहाटे ३ वाजून १० मिनिटांनी पडला होता: 'पार्किंग स्टॅकचं असेल तर आम्हाला वरची जागा की खालची? सासूबाईंना व्हीलचेअरवरून गाडीत बसवावं लागतं.' बाकीच्या २३ घरांपैकी कुणाच्याही डोक्यात हा प्रश्न आला नव्हता. त्याखाली अकरा जणांनी लिहिलं आणि शेवटी कलमात एक नवं वाक्य आलं. तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा ८१ वर्षांचे. त्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळे सभेत काय चाललंय ते त्यांना कळतच नसे. त्यांनी नातवाच्या फोनवर बोलून मराठीत शेरे उमटवले, एकूण नऊ. कार्पेट क्षेत्रफळ म्हणजे नक्की कुठलं, हा त्यांचा पहिला प्रश्न. २०१६च्या रेरा कायद्याच्या व्याख्येत घराच्या आतल्या भिंतींखालची जागाही कार्पेटमध्ये धरली जाते. आपण आपल्या जुन्या घरात टेपने मोजतो ती जागा खोल्यांच्या आतली, म्हणजे दोन आकड्यांची तुलना करताना एकच माप धरलेलं असलं पाहिजे. हे त्या शेऱ्याखालच्या चर्चेत वकिलांनी समजावून सांगितलं आणि ते सगळ्यांनी वाचलं. सभेत हा प्रश्न आला असता तर दोन माणसं मोठ्या आवाजात बोलली असती आणि विषय पुढे गेला असता.

पुनर्विकासाच्या कार्यपद्धतीबाबत सहकार खात्याचा ४ जुलै २०१९चा शासन निर्णय आहे. त्यात सभेचं चित्रीकरण करायला सांगितलं आहे, ते योग्यच आहे. पण चित्रफितीत ज्याचा आवाज मोठा तोच ऐकू येतो. पहाटे तीन वाजता लिहिणारं माणूस तिच्यात कुठेच नसतं.

आमच्याकडून चुकाही झाल्या, आणि त्या इतर सोसायट्यांच्या उपयोगी पडतील म्हणून लिहिते. पहिली चूक शेरे मिटवण्याची. सचिव शेऱ्याला उत्तर द्यायचे आणि लगेच 'रिझॉल्व्ह' करायचे. तसं केलं की शेरा समासातून नाहीसा होतो. तो इतिहासात शोधून सापडतो, पण सर्वसामान्य सभासदाला वाटतं की आपलं म्हणणं पुसून टाकलं. चार जण रागावले, एकाने तर लिहिणंच सोडलं. मग नियम केला: ज्याने शंका काढली त्याने 'समाधान झालं' असं स्वतः लिहिल्याशिवाय शेरा मिटवायचा नाही. हा नियम कुठल्याही यंत्रात आपोआप येत नाही, माणसांनीच तो करायचा आणि पाळायचा.

दुसरी चूक गंभीर. सभासदांची यादी, फोन नंबर आणि काहींचे आधार क्रमांक असलेला तक्ता त्याच फोल्डरमध्ये ठेवला गेला आणि फोल्डर 'लिंक असलेल्या कुणालाही' उघडेल असा राहिला. लिंक कुणीतरी नातेवाइकांना पाठवली, तिथून ती फिरली. आठवड्याभरात आमच्यातल्या सहा जणांना अनोळखी दलालांचे फोन येऊ लागले. दोष आमचाच, समितीचा. त्या समितीत मीही आहे. तेव्हापासून ठरवलं, चर्चेचा मसुदा वेगळा आणि माणसांची माहिती वेगळी. दुसरीचं दार नावानिशी परवानगी असलेल्यांनाच उघडेल. ज्यांच्या सोसायटीत हे काम चालू आहे त्यांनी आज रात्रीच आपल्या फोल्डरची परवानगी तपासावी.

भाड्याचं कलम पूर्ववत झालं. बाकीचा करार अजून नोंदणीला गेलेला नाही, दिरंगाईच्या दंडाचं कलम अडून बसलं आहे आणि त्यावर आजही शेरे पडताहेत. मला त्याची घाई वाटत नाही.

या साधनातली 'सुचवणी'ची सोय माझ्या धंद्यातल्या माणसाला विशेष भावते. शब्द बदलला तर जुना शब्द रेघेखाली दिसत राहतो, नवा रंगात येतो, आणि समासात नाव, तारीख, वेळ. कुणीतरी मान्य करेपर्यंत तो फक्त प्रस्ताव असतो. हस्तलिखितांच्या काळात चुकलेल्या अक्षरांवर पिवळी हरताळ फासत असत आणि सुटलेलं अक्षर समासात लिहून ओळीत काकपदाची खूण करत. काकपद आमच्या प्रुफांवर शेवटपर्यंत राहिलं. हरताळ मात्र खाली काय होतं ते झाकून टाकायची, आणि 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार त्यातूनच आला. इथे जुन्या आवृत्त्याही जपून ठेवलेल्या असतात. कुठल्या दिवशी कलमात काय होतं ते मागे जाऊन पाहता येतं. आमच्या दुसऱ्या मसुद्याच्या वेळी ही सोय असती तर तो शब्द कुणी, कुठल्या दिवशी बदलला हे विचारायची वेळच आली नसती.

दोघांनी एकाच क्षणी एकाच ओळीत लिहिलं तर गोंधळ होत नाही का, असं मी त्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, संगणक सबंध पान पुन्हा पाठवत नाही, फक्त 'अमुक जागी अमुक अक्षर घातलं' एवढीच कृती पाठवतो. माझं अक्षर तुमच्या आधी पडलं असेल तर तुमच्या कृतीतली जागा तो एका घराने पुढे सरकवून घेतो. ही युक्ती एलिस आणि गिब्स या अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी १९८९ साली मांडली. खिळ्यांच्या जुळणीत एक शब्द वाढला की परिच्छेदाच्या शेवटापर्यंत सगळ्या ओळी हाताने पुढे ढकलाव्या लागत. जुळाऱ्यांचे काळवंडलेले अंगठे माझ्या डोळ्यांसमोर आहेत, त्यामुळे मला ते चटकन कळलं. दोन माणसांनी दूर बसून एकाच पडद्यावर काम करण्याचं प्रात्यक्षिक डग्लस एंगलबार्ट यांनी सॅन फ्रान्सिस्कोत ९ डिसेंबर १९६८ रोजी दाखवलं होतं. म्हणजे कल्पना जुनी आहे, आपल्या सार्वजनिक कागदांपर्यंत ती अजून पोचायची आहे.

त्या प्रारूप आराखड्याच्या कार्यालयात एका भल्या कर्मचाऱ्याशी मी हे बोलले. त्यांची शंका अशी: "बाई, लोकांना सरकारी मसुद्यावर लिहू दिलं आणि कुणी मजकूरच बदलला तर जबाबदार कोण?" शंका रास्त आहे, आणि तिला उत्तरही आहे. शेरे मसुद्याच्या आत ठेवावेच लागत नाहीत. हायपोथेसिससारख्या साधनांत मूळ दस्तऐवज कुलूपबंद राहतो आणि शेरे वेगळ्याच ठिकाणी साठवले जातात. शेरा कुठल्या वाक्यावर आहे हे ओळखायला ते वाक्य आणि त्याच्या आधीचे-नंतरचे काही शब्द नोंदवून ठेवतात. पान क्रमांक बदलला तरी शेरा आपली जागा शोधून काढतो. वेबचे मापदंड ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी संस्थेने यासाठी फेब्रुवारी २०१७ मध्ये अधिकृत मापदंडही जाहीर केला आहे. त्यामुळे कुणा एका कंपनीच्या साधनाला बांधून घ्यावं लागत नाही. एका साधनातले शेरे दुसऱ्यात नेता येतील अशी ती व्यवस्था आहे.

आणि हे कुणी करून पाहिलेलं नाही असंही नाही. मुक्त सॉफ्टवेअरचा जीपीएल नावाचा परवाना आहे. त्याची तिसरी आवृत्ती लिहिताना जानेवारी २००६ मध्ये पहिला मसुदा लोकांपुढे ठेवला आणि दीड वर्षात एकामागून एक असे चार मसुदे काढून २९ जून २००७ रोजी अंतिम मजकूर प्रसिद्ध केला. कुणीही मसुद्यातलं वाक्य निवडून त्यावर शेरा लिहू शकत होतं. ज्या वाक्यावर जास्त शेरे, त्या वाक्यामागचा रंग अधिक गडद व्हायचा. म्हणजे मसुदा करणाऱ्यांना पान उघडताच कळायचं की लोकांना कुठे टोचतंय. या साधनाचं नाव होतं 'स्टेट' (stet), आणि ते वाचून माझ्या अंगावर काटा आला. स्टेट ही मुद्रितशोधकाची खूण. चुकून खोडलेला शब्द परत हवा असेल तर त्याच्याखाली ठिपके द्यायचे आणि समासात ही खूण करायची, अर्थ 'आहे तसं राहू द्या'. हजारो वेळा मी ती केली असेल. आमच्या धंद्यातला शब्द इतक्या लांबच्या, इतक्या निराळ्या कामाला कुणी आपुलकीने लावला होता.

ब्राझीलमध्ये इंटरनेटवरील नागरी हक्कांचा कायदा करताना २००९-१० मध्ये आधी मुद्दे आणि मग विधेयकाचा मसुदा कलमवार लोकांच्या शेऱ्यांसाठी संकेतस्थळावर ठेवला होता. तो कायदा २०१४ मध्ये झाला. आपल्याकडेही केंद्र सरकारने विधिपूर्व सल्लामसलतीचं धोरण फेब्रुवारी २०१४ मध्ये काढलं असून त्यात मसुदा किमान ३० दिवस लोकांसाठी खुला ठेवायला सांगितलं आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६च्या कलम २६ मध्ये प्रारूप विकास योजनेवर हरकतींसाठी ३० दिवस आहेत. माहितीचा अधिकार कायद्याचं कलम ४ तर आणखी स्पष्ट आहे. माहिती पोचवताना खर्च, स्थानिक भाषा आणि त्या भागातली सर्वांत परिणामकारक पद्धत विचारात घ्या, असं ते सांगतं. अक्षरांचे फोटो ही परिणामकारक पद्धत आहे का? अंध वाचकाचं वाचनयंत्र फोटोतली अक्षरं वाचत नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात माहिती सर्वांना वापरता येईल अशा रूपात द्यायला सांगितलं आहे, तेही इथे लागू पडतं.

मराठीपुरतं थोडं वेगळं बोलायला हवं, कारण इथे नुसती इच्छा पुरत नाही. कार्यालयांत अजून जुन्या फॉण्टांत टाइप केलेले मजकूर पडलेले आहेत. त्यांच्या पीडीएफमधून एखादं वाक्य उचलून दुसरीकडे ठेवलं की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा ढिगारा उमटतो. त्यावर शोध चालत नाही, शेरा चिकटत नाही. मसुदा युनिकोडमध्येच, म्हणजे सगळ्या संगणकांना सारखीच कळणाऱ्या अक्षरसंकेतात हवा. आणि युनिकोडमध्ये असला तरी डोळे उघडे ठेवावे लागतात. 'दुसऱ्या', 'पायऱ्या' यांतला ऱ्य दोन निराळ्या तऱ्हांनी टाइप करता येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते वेगळे. आमच्याच मराठी टिपांमध्ये 'कोपऱ्यातील' हा शब्द शोधला तर तीन ठिकाणी सापडला आणि दोन ठिकाणी सुटला, कारण त्या दोन टिपा दुसऱ्या कुणीतरी दुसऱ्या कळफलकावर लिहिल्या होत्या. 'अॅ' आणि 'ॲ' यांचंही तेच. मसुदा प्रसिद्ध करण्यापूर्वी ही अक्षरं एकसारखी करून घेणं हे तासाभराचं काम आहे, आणि ते करणारी माणसं या शहरात पुष्कळ आहेत.

मराठी विकिस्रोत या इंटरनेटवरच्या मुक्त ग्रंथालयात अनेकांनी मिळून मजकूर तपासण्याचं काम रोज चालतं. पडद्याच्या एका बाजूला जुन्या पुस्तकाच्या पानाचं स्कॅन, दुसऱ्या बाजूला टाइप केलेला मजकूर. न तपासलेलं पान लाल, एकाने तपासलं की पिवळं, दुसऱ्या माणसाने पुन्हा ताडून पाहिलं की हिरवं. पिवळ्याचं हिरवं करणारा माणूस वेगळाच असावा लागतो. आमच्याकडेही एकाच शोधकाने पहिलं आणि शेवटचं प्रूफ वाचायचं नाही असा दंडक होता. निवृत्तीनंतर माझी सकाळची दोन पानं तिथे होतात.

ज्यांच्याकडे संगणक नाही, स्मार्टफोनवर ६२ पानं वाचवत नाहीत, त्यांचं काय, असं आपले वाचक विचारतील. विचारायलाच हवं. म्हणून संगणकावरच्या समासाबरोबर कागदाचाही समास हवा. मसुद्याची रुंद समासाची छापील प्रत प्रभाग कार्यालयात आणि वाचनालयात ठेवावी, लोकांनी पेनाने तिच्यावर लिहावं, आणि ते शेरे कुणीतरी त्या त्या वाक्याशी संगणकावर उतरवावेत. ठाण्याला याची जागा शोधावी लागणार नाही. १८९३ साली स्थापन झालेलं मराठी ग्रंथसंग्रहालय इथे आहे. या शहराने मराठी कागद जपण्याचं काम सव्वाशे वर्षांहून अधिक काळ केलं आहे.

माझं मागणं मोठं नाही. ठाणे आणि नवी मुंबईच्या हद्दीत ज्या मसुद्यावर हरकती मागवल्या जातात, तो फोटोंच्या पीडीएफऐवजी युनिकोड मजकुरात द्यावा. प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक असावा. त्या परिच्छेदाशेजारी नागरिकाला नावानिशी शेरा लिहिता यावा, तो इतरांना दिसावा, आणि मुदत संपल्यावर प्रत्येक शेऱ्यापुढे 'स्वीकारला', 'अंशतः स्वीकारला' किंवा 'नाही, कारण अमुक' एवढं तरी लिहिलेलं असावं. कायद्याने लागणारी सुनावणी आणि लेखी अर्ज यांना हात लावायची गरज नाही, ते चालू राहू देत. आपल्या दैनिकालाही एक विनंती आहे. अशा जाहीर सूचना तुमच्याकडेच छापायला येतात. त्या देणाऱ्या कार्यालयाला 'मजकूर वाचता-शोधता येईल अशा रूपात कुठे ठेवला आहे' हे तुम्ही विचारलंत, तर माझ्या अर्जापेक्षा ते लवकर ऐकतील.

पान ९३ आणि पान ११७ वरच्या रुंदीचा घोळ मी शेवटी लेखी अर्जानेच कळवला आहे, पोच माझ्याकडे आहे.

कागदावरचे शेरे संगणकावर उतरवायला माणसं लागतील, ती कुठून आणणार असं कार्यालयाने म्हणू नये. शनिवारी सकाळी १० ते १ मी येऊन बसेन, सांगाल त्या वाचनालयात, बिनपगारी. माझ्याबरोबर आमच्या छापखान्यातले निवृत्त झालेले आणखी दोघं यायला तयार आहेत, मी त्यांना विचारलं आहे. दुसऱ्या मजल्यावरची ती मुलगीही महिन्यातून एक शनिवार देईन म्हणाली. मसुद्याची रुंद समासाची एक छापील प्रत तेवढी टेबलावर ठेवा.

कळावे,
आपली,
एक निवृत्त मुद्रितशोधक
नौपाडा, ठाणे (प.)

(नाव व पत्ता संपादकांच्या माहितीसाठी सोबतच्या स्वतंत्र कागदावर दिला आहे.)